मदत हवी आहे: साथ वाढते आहे, आई डायलिसिसला जायला घाबरते

नमस्कार मंडळी,

आईचं हिमोडायलिसिस (मशीनने रक्त शुद्ध करणं) काही वर्षांपासून सुरू आहे, आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास. कोविडचे रुग्ण पुन्हा वाढू लागलेत आणि तिने धास्ती घेतली आहे. बाकीच्यांना घरात बसता येतं, डायलिसिसच्या माणसाला कसं बसता येणार? एकाच हॉलमध्ये ओळीने मशीन, तेच टेक्निशियन सगळ्यांना हात लावणार. तिची भीती खोटी आहे असं मला म्हणवत नाही. २०२० च्या पहिल्या लाटेत, लस नव्हती तेव्हा, युरोपातल्या नोंदींत कोविड झालेल्या डायलिसिसच्या रुग्णांपैकी साधारण ५ तला १ महिन्याभरात दगावला होता. हे वाचल्यापासून माझीही झोप उडाली आहे.

आई म्हणते, "दोनदाच जाते, पाणी कमी पिईन." तिला लघवी जवळजवळ होतच नाही. मध्ये दोन दिवस सुट्टी पडली की आताच पाय सुजतात, धाप लागते. कुणाचं डायलिसिस साथीत कमी केलं होतं का? घरात कोणाला ताप आला तर सेंटर तिला घेईल का? आणि पोटाच्या डायलिसिसकडे, म्हणजे सीएपीडीकडे (घरीच, नळीतून बॅगेतलं द्रावण पोटात सोडून नंतर काढायचं), कोणी वळलंय का? तिची नजर अधू आहे, बॅगा मलाच बदलाव्या लागतील. माझी तयारी आहे, फक्त जंतुसंसर्गाची भीती वाटते.

प्रतिसाद १
ताई, स्वतःच्या मनाने एकही डायलिसिस चुकवू देऊ नका. पाणी तोडलं तरी पोटॅशियम साठतंच, आणि ते वाढल्याचं बऱ्याचदा कळतही नाही, थेट हृदयावर येतं. पहिल्या लाटेत काही ठिकाणी दोनदावर आणलं होतं, पण निवडक रुग्णांचं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. लघवी होत नसताना हा विचारच नको.

घरात कोणी आजारी पडलं तर लपवू नका, निघण्याआधी सेंटरला फोन करा. माझ्या वडिलांना तेव्हा शेवटच्या शिफ्टला, कोपऱ्यातल्या मशीनवर घेत. पूर्ण वेळ मास्क. आत खाणं बंद, कारण डबा उघडला की मास्क उतरतो. ताप नसला तरी खोकला, जुलाब, अंग गळून जाणं सांगायचं. या रुग्णांना कधीकधी ताप येतच नाही. डायलिसिसवर लसीचा परिणाम कमी होतो, म्हणून जादा डोसचं नेफ्रोलॉजिस्टना, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना, विचारा. आणि पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी त्यांना कळवा. कोविडवरच्या पॅक्सलोविडसारख्या गोळ्यांचा नेहमीचा डोस मूत्रपिंड बंद असताना चालत नाही.

प्रतिसाद २
आम्ही सीएपीडीकडे वळलो. दिवसातून ४ वेळा बॅग बदलायची, खिडक्या-पंखा बंद, मास्क, हात नीट धुऊन. निघालेलं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं की जंतुसंसर्ग असू शकतो, डॉक्टरांना कळवायला तासभरही थांबायचं नाही. हे एकट्यावर घेऊ नका, घरातल्या आणखी एकाला शिकवून ठेवा. तुम्हीच आजारी पडलात तर बॅग कोण बदलणार? पोटात नळी बसवल्यावर शक्यतो दोनेक आठवडे जखम भरू देतात, तोवर सेंटर सुटत नाही. त्यामुळे विचारायचं असेल तर याच आठवड्यात विचारा.