अनुभव धागा: अल्टरनेटर जाण्याआधी तुमच्या गाडीनं काय सांगितलं होतं?

धागाकर्ता, सातारा
गेल्या महिन्यात नवी बॅटरी टाकली आणि अकराव्या दिवशी उंब्रजजवळ हायवेला गाडी पुन्हा मेली. दोष अल्टरनेटरचा निघाला, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज करून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा. तीन आठवडे तो खुणा करत होता आणि मी प्रत्येक वेळी "बॅटरी म्हातारी झाली" म्हणत होतो. नवी बॅटरीही त्यानं उपाशीच मारली. तुमचे अनुभव लिहा. कंपन्यांना शिव्या नकोत, गाडीनं आधी काय केलं ते सांगा.

घाटवाला
आमचं केळघर घाटात झालं. जुलै, मेढ्याहून महाबळेश्वरला निघालेलो. धुकं, पाऊस, त्यामुळे हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, सगळं एकदम चालू. वळणाला गाडी हळू झाली की दिवे पिवळे पडायचे, ॲक्सिलेटर दिला की परत पांढरे. बायको म्हणाली, "अहो, दिवे श्वास घेतायत काय?" मी हसण्यावारी नेलं. मग वायपर रेंगाळायला लागले. पाठोपाठ स्टिअरिंग जड झालं आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला. मी आपला ब्रेकचा विचार करतोय! बॅटरीचं लाल चिन्ह सगळ्यात शेवटी आलं.
एकच शहाणपणा केला, इंजिन बंद केलं नाही. ब्लोअर, टेप, मोबाइलचा चार्जर काढला आणि तसाच मागं फिरून मेढा गाठला. वायरमननं खोलून दाखवलं, कार्बन (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे ब्रश) झिजून नखाएवढे राहिलेले. नवीन अल्टरनेटर लागलाच नाही, कार्बन आणि कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बदलून काम झालं. त्यामुळे "अख्खा बदला" असं कुणी म्हणालं तर आधी खोलून बघायला सांगा.

विट्याची सून
आमच्या जुन्या मारुतीचा अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट रोज सकाळी किंचाळायचा. सगळे म्हणायचे, थंडी आहे. तासगावच्या रस्त्याला एक दिवस बॅटरीचा दिवा लागला आणि मिनिटभरात टेंपरेचरचा काटाही चढला. मामंजी शेजारी होते. म्हणाले, "थांबव, बेल्ट तुटला." त्या गाडीत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर चालतो. गावापर्यंत रेटली असती तर हेड गॅस्केट गेलं असतं.

जुनी इंडिका
डिझेलवाल्यांसाठी. माझा ब्रेक दगडासारखा कडक झाला, म्हणून ब्रेकवाल्याकडे दोन चकरा मारल्या. या गाडीत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच शेपटीला असतो. त्याचं सील गेलेलं, ऑइल आत उतरून कार्बन चिकट झाले होते. ब्रेक आणि चार्जिंग, दोन्ही दुखणी एकाच घरातली.

कृष्णाकाठ, सांगली
2019 च्या पुरात गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात होती. साफ करून घेतली, चालू झाली, विसरलो. काही महिन्यांनी रेडिओत गुणगुण यायला लागली, रेस वाढवली की तिचाही सूर चढायचा. त्यानंतर रोज सकाळी बॅटरी डाऊन. मिरजेच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या अल्टरनेटरला हात लावून बघितला. कोमट लागला! डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) गेलेला, रात्रभर बॅटरी त्याच वाटेनं गळत होती. ही युक्ती मला कुठल्याच सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी सांगितली नव्हती.

उंब्रजकर
उसाच्या ट्रॉलीला मागं दिवेच नसतात, त्यामुळे त्यांना ही काळजी नाही. 😄

वायरमन, कराड
व्होल्ट मोजायचा मीटर सगळ्यांनी ठेवावा, स्वस्त मिळतो. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4 हवेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत बघा. आकडा 13 च्या खाली घसरला तर अल्टरनेटर आतून गेलाय किंवा बेल्ट घसरतोय. 15 च्या वर गेला तरी खूश होऊ नका, कटआऊट गेला म्हणून बॅटरी उकळतेय, ॲसिडचा वास येईल. काही नव्या गाड्या मात्र पेट्रोल वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तिथं एका आकड्यावर निकाल देऊ नका.
आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघायची जुनी खोड सोडा. आत्ताच्या गाडीचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू शकतो, मग रडत माझ्याकडेच येता.

धागाकर्ता, सातारा
माझ्या वेळी हे खरंच कुणी मोजलं नाही. बॅटरी विकणाऱ्यानंही नाही. बंद गाडीवर मीटर लावला, "संपली" म्हणाला आणि नवी दिली.

नवा सदस्य, वाई
हे वाचून खाली जाऊन चावी फिरवली. बाकी सगळे दिवे लागले, बॅटरीचा लागलाच नाही. म्हणजे चांगलं ना?

वायरमन, कराड
नाही दादा. इंजिन सुरू करायच्या आधी तो लागायलाच हवा, सुरू झालं की विझायला हवा. एकतर बल्ब गेलाय नाहीतर वायर तुटलीय. काही गाड्यांत त्याच वायरीतून अल्टरनेटर जागा होतो. गाडी चालू करून मीटर लावा आणि आकडा इथं टाका.

नवा सदस्य, वाई
12.2. उद्या पहाटे पुण्याला निघायचं होतं.

वायरमन, कराड
एसटीनं जा.