विषय: त्याला काय कमी होतं?

प्रेषक: जिभाऊ, न्यू जर्सी
११ ऑगस्ट २०२४

मंडळी, नमस्कार.

आज हॉलिवूडचा विनोदी नट रॉबिन विल्यम्स याने जीव दिला त्याला दहा वर्षं झाली. चोपड्याहून इथे आलो तेव्हा त्याचं इंग्रजी मला निम्मंसुद्धा कळत नसे, इतका तो भरभर बोलायचा. तरी त्याचा चेहरा आणि हातवारे बघून हसू फुटायचं. त्या एकटेपणाच्या दिवसांत घरात दुसरं कोणी हसवणारं नव्हतं. पुढे मुलं अलादीनच्या जिनचा आवाज ऐकत मोठी झाली. तो गेला त्या रात्री घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटलं होतं.

काल मंडळात विषय निघाला आणि कोणीतरी म्हणालं, "ऑस्कर, पैसा, नाव. त्याला काय कमी होतं?" मला उत्तर देता आलं नाही. आणि आज सकाळी गावाकडे व्हिडिओ कॉल केला. घरी श्रावणातली कानबाई देवी बसलीय, सगळी भाऊबंदकी तिच्या रोटाच्या प्रसादाला जमलेली, पण माझा चुलतभाऊ खोलीतून बाहेर आलाच नाही. दोन महिने झाले, केळीच्या बागेत जात नाही. "माले काही सुधरत नही", मला काही सुचत नाही, एवढंच बोलतो. घरचे त्यालाही तेच विचारताहेत, "तुले काय कमी शे?"

माई, तुम्ही धुळ्यात आहात, डॉक्टर आहात. काहीतरी लिहा.

प्रेषक: तात्या, लेस्टर
११ ऑगस्ट

जिभाऊ, वाईट मलाही वाटलं होतं. पण १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी सुकडी खाऊन, खडी फोडून दिवस काढले. त्यांना कुठे डिप्रेशन आलं? आताची मनं कच्ची झालीत असं मला मनापासून वाटतं. कोणाला लागलं तर माफी असावी.

प्रेषक: माई, धुळे
१२ ऑगस्ट

जिभाऊ, तात्या,

तात्या, तेव्हाही आलं होतं. फक्त त्याला आजार म्हणत नसत. "तिला बाहेरचं आहे", "तो कामाचा आळशी", "त्याचं संसारातून मन उडालं" असं म्हणत आणि भगताकडे नेत. आपल्या सगळ्यांच्या भाऊबंदकीत एखादा काका किंवा आत्या अशी असते की तिचं नाव निघालं की मोठी माणसं विषय बदलतात. खडी फोडणारी माणसं खंबीर होतीच. पण खंबीर माणसालाही हा आजार होतो, आणि तो जास्त दिवस लपवतो. पुरुष तर "उदास वाटतं" असं म्हणतच नाहीत. चिडचिड करतात, कंबर दुखते, डोकं जड झालं, अ‍ॅसिडिटी झाली म्हणत वर्षभर गोळ्या खातात.

आता रॉबिन विल्यम्सचं. त्याच्या बाबतीत "काय कमी होतं" याचं उत्तर नंतर मिळालं. २०१४ च्या मे महिन्यात त्याला पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं गेलं. ऑगस्टमध्ये तो गेला, ६३ वर्षांचा होता. शवविच्छेदनात मेंदूभर लेवी बॉडीज सापडल्या. लेवी बॉडी डिमेन्शिया या आजारात मेंदूच्या पेशींत एक प्रथिन साचत जातं आणि स्मरण, झोप, हालचाल, भावना, सगळंच बिघडतं. नैराश्य, भीती आणि संशय हे त्याचेच भाग. त्याच्या पत्नी सुझन श्नायडर विल्यम्स यांनी २०१६ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात सगळं लिहिलं आहे. शेवटच्या काही महिन्यांत शूटिंगला त्याला एक वाक्यही लक्षात राहत नव्हतं. तीनच वर्षं आधी हाच माणूस ब्रॉडवेवर रोज रात्री नाटकातली शेकडो वाक्यं न चुकता म्हणत होता. ज्याचं सगळं आयुष्य डोक्याच्या चपळाईवर उभं, त्याला ती आपल्या हातून जाताना कळत होती. आणि जिवंतपणी कुठल्याही डॉक्टरने त्याला त्या आजाराचं खरं नाव सांगितलं नाही. ते वाचून मी फार रडले होते.

पण नैराश्याच्या बहुतेक रुग्णांत असं काही तपासणीत दिसणार नाही. रिपोर्ट नॉर्मल येतील. म्हणून आजार खोटा ठरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन उदास किंवा कशातच रस नाही, झोप उडालेली किंवा अतिझोप, भूक गेलेली, अंगात त्राण नाही, आपण नालायक आहोत असं सारखं वाटणं, मरणाचे विचार. यातल्या बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या आणि रोजची कामं थांबली, की डॉक्टर गाठायचा.

जिभाऊ, घरच्यांना आधी तो प्रश्न बंद करायला सांगा. आजारी माणूस ते गणित स्वतःच रात्रंदिवस करत असतो. बायको चांगली, पोरं शिकतात, बाग उभी आहे, तरी मला आनंद नाही, म्हणजे खोट माझ्यातच. मी यांना भार आहे. आपण "तुले काय कमी शे" म्हणतो तेव्हा त्याच्या त्याच विचाराला दुजोरा देतो, आणि तो बोलायचं बंद करतो.

त्यापेक्षा विचारा, रात्री झोप लागते का? जेवण गोड लागतं का? आणि हेही स्पष्ट विचारा, जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवा, दुसऱ्याच्या घरी कुलपात. ती तीव्र घडी बहुतेकदा ओसरते, तेवढा वेळ माणूस वाचला पाहिजे. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण दोन दशकांत निम्म्याहून खाली आलं.

औषधांबद्दल. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. मळमळ, अस्वस्थपणा मात्र आधी होतो, म्हणून बरेच लोक गुण येण्याआधीच गोळी सोडतात. पहिल्या आठवड्यांत घरच्यांनी जवळ राहून लक्ष ठेवायचं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी घ्यायची आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम थांबवायची नाही. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, हे घरच्या मोठ्यांना मुद्दाम सांगा, त्यांची भीती तीच असते.

एक विनंती सगळ्यांना. अशी बातमी आली की कसं झालं याचे तपशील आणि फोटो ग्रुपवर टाकू नका. रॉबिन विल्यम्स गेल्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाल्या, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. आधीच कडेला उभं असलेलं माणूस ते वाचत असतं. टाकायचाच तर मदतीचा नंबर टाका. भारतात टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. अमेरिकेत ९८८. तात्या, तुमच्याकडे समॅरिटन्स, ११६ १२३.

माई

प्रेषक: जळगावची लेक, मँचेस्टर
१२ ऑगस्ट

माई, मी या यादीवर कधी लिहीत नाही. बाळंतपणानंतर मी अशाच गोळ्या घेतल्या. आईला अजून सांगितलेलं नाही, "आपल्यात असं नसतं" म्हणेल म्हणून. तात्या, मी कच्ची नाही. त्या दिवसांत बाळाला दूध पाजून परत उशीवर डोकं टेकवणं हेच माझं दिवसाचं काम होतं आणि ते मी रोज केलं. आता बरी आहे. इथे कोणाला बोलायचं असेल तर मला वेगळी मेल करा, रात्री उशिरा केली तरी चालेल.

प्रेषक: तात्या, लेस्टर
१२ ऑगस्ट

बेटा, वाचलं. रविवारी आम्ही दोघं मँचेस्टरला येतो. तुझ्या काकूने शेवभाजीचा मसाला काढून ठेवलाय.

प्रेषक: जिभाऊ, न्यू जर्सी
१३ ऑगस्ट

माई, रात्री भावाशी बोललो. वहिनीला बाहेर पाठवून तुम्ही लिहिलं तसं स्पष्ट विचारलं. खूप वेळ गप्प होता, मग "हा" म्हणाला. औषधाचे डबे काकांनी रात्रीच शेजारच्यांकडे नेऊन ठेवले. मोठा पुतण्या त्याच्याजवळ झोपला. पोळ्यापर्यंत थांबू का म्हणत होता, मी नको म्हटलं. जळगावला न्यायचं की धुळ्याला? जुने कागद काही लागतील का?

प्रेषक: माई, धुळे
१३ ऑगस्ट

चोपड्याहून जळगाव जवळ, तिथेच न्या, उद्याच. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी आहे, सकाळी लवकर पोचा. थायरॉइड आणि बी-१२ केलं असेल तर रिपोर्ट घ्या, नसेल तर तिथे सांगतील. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, अ‍ॅसिडिटीच्यासुद्धा. आणि वहिनीला सोबत येऊ द्या. रात्री तो किती वाजता उठून बसतो हे तिलाच ठाऊक असेल.