परदेशात एक वर्ष शिकवून परत यायचं, यात मुलांच्या पदरात काय पडतं?

खडूफळा (धागाकर्ती):

परदेशातल्या एका सरकारी शाळेत स्वयंसेवक शिक्षिका म्हणून माझं वर्ष नुकतंच संपलं. निकाल लागले, हजेरीपट मुख्याध्यापकांच्या ताब्यात दिला. ठरल्याप्रमाणे आता परतायचं होतं, पण मी आणखी एक वर्ष मागितलंय. त्यावरून माझ्याबरोबरच्या स्वयंसेवकांशी कडाक्याचा वाद झाला, म्हणून मत इथे मांडते.

एका वर्षाच्या नेमणुका बंद व्हायला हव्यात. जायचं तर किमान दोन शैक्षणिक वर्षांसाठी जावं. तेवढं जमत नसेल तर स्वतंत्र वर्ग घेऊ नये, तिथल्या शिक्षकाच्या जोडीने शिकवावं.

कारण सरळ आहे. पहिलं सत्रभर खरं तर शिक्षकच शिकत असतो. मुलांना आपले उच्चार कळत नाहीत, आपल्याला त्यांची भाषा येत नाही. ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. ते ‘हो’ मान राखण्यासाठी असतं. समजलं की नाही ते वह्या हातात आल्यावर दिसतं. मागच्या बाकांवरची मुलं मध्येच थांबवून ‘हे परत सांगा’ म्हणायला लागली, तोवर शेवटचं सत्र उजाडलं होतं. आता कुठे शिकवणं सुरू होतंय, तर मी निघायचं? पुढच्या वर्षी नवा माणूस येणार आणि त्याच मुलांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून तयार करायचं?

अमेरिकी सरकारच्या पीस कोअर या स्वयंसेवक कार्यक्रमाची मुदत २७ महिन्यांची असते. त्यात साधारण तीन महिने भाषेचं आणि कामाचं प्रशिक्षण, मग दोन वर्षं प्रत्यक्ष काम. जपानचा १९६५ पासून चालू असलेला स्वयंसेवक कार्यक्रमही प्रामुख्याने दोन वर्षांचाच. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही ही मुदत टिकून आहे, ती उगीच नाही.

सरळरेषा:

साफ असहमत. मी एकच वर्ष शिकवलं आणि त्याचा मला अभिमान आहे. माझ्या शाळेत वरच्या वर्गाला गणिताचा शिक्षकच नव्हता. त्या मुलांची वर्षअखेरीस देशपातळीवरची परीक्षा होती. त्यानंतर ती शाळा सोडणारच होती, त्यामुळे माझ्यानंतर कोण येणार हा प्रश्न त्यांच्यापुरता नव्हताच. त्यांच्याकडे तेवढं एकच वर्ष होतं. मी गेलो नसतो तर फळा कोरा राहिला असता.

दुसरं म्हणजे, दोन वर्षांची अट घातली तर जाणार कोण? नोकरीतून एक वर्षाची बिनपगारी रजा मिळवतानाच नाकीनऊ येतात. घरी थकलेले आईवडील असतात, डोक्यावर कर्ज असतं. मग दोन वर्षं फक्त नुकतीच पदवी घेतलेले किंवा निवृत्त लोकच देऊ शकतील. मधल्या वयाचे, वर्गावर हात बसलेले शिक्षक तुमच्या अटीमुळे बाहेर पडतील. त्यात मुलांचं भलं कसं?

उंबरठा:

मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. प्रश्न एक वर्ष की दोन वर्षं हा नाहीच. परदेशी माणसाने तिथे शिकवायला जावंच का, हा आहे.

१९६८ साली विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांच्या मेळाव्यात तोंडावर सांगितलं होतं की आमच्याकडे बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. ते ऐकायला कठोर वाटतं, पण मला तरी ते बरोबर वाटतं. विमानाचं तिकीट, विमा, राहण्याची सोय, संस्थेचा खर्च हे सगळं धरलं तर तेवढ्या पैशात कितीतरी ठिकाणी एका स्थानिक शिक्षकाचा पगार निघेल. तो शिक्षक मुलांची भाषा बोलेल आणि वर्ष संपल्यावर तिथेच असेल. शिवाय फुकटचा माणूस मिळाला की रिकामी जागा भरायची घाई कोणाला राहते?

युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार २०३० पर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख नवे शिक्षक लागतील. त्यातली निम्म्याहून अधिक गरज, आहेत ते शिक्षक पेशा सोडून जातात म्हणून आहे. म्हणजे दुखणं शिक्षक टिकत नाहीत हे आहे. आणि त्यावर आपण उपाय काय काढतो, तर दर वर्षाला बदलणारा शिक्षक!

सरळरेषा:

@उंबरठा, पैशाचं गणित कागदावर छान दिसतं. पण माझं तिकीट वाचलं असतं तर ते पैसे त्या शाळेच्या पगारपत्रकात गेले असते का? नसते. स्वयंसेवक आला नाही म्हणून शिक्षकभरती झाली, असं निदान मी राहिलो त्या भागात झालेलं नव्हतं. व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल, पण आज नववीत असलेली मुलगी तोवर नववीत थांबून राहणार नाही.

पलीकडची बाई:

मी जरा दुसऱ्या बाजूने लिहिते. लग्नानंतर परदेशात स्थायिक झाले आणि तिथल्याच एका शाळेत पगारी शिक्षिका आहे. आमच्याकडे स्वयंसेवक येतात आणि जातात. तुम्ही सगळे मुदतीवर भांडताय, पण आम्हाला त्रास होतो तो शेवटच्या महिन्याचा.

त्या महिन्यात स्वयंसेवकाचं मन निम्मं घरी गेलेलं असतं. निरोपसमारंभ होतो, फोटो होतात, रडारड होते. आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो वर्ग माझ्या हाती येतो तेव्हा अभ्यासक्रम कुठपर्यंत झाला हे सांगणारा कागद नसतो. अपूर्णांक झाले म्हणे. झाले म्हणजे काय? बेरीज झाली की भागाकारही? कोणाला वाचताना अक्षरं अडतात, कोणाला फळा दिसत नाही म्हणून पुढे बसवलं होतं, कोण घरच्या कामामुळे आठवड्यातून दोन दिवस येत नाही, हे सगळं त्या माणसाला वर्षभरात कळलेलं असतं आणि ते त्याच्याबरोबरच विमानात बसून जातं. मला परत शोधायला अर्धं सत्र लागतं.

आणखी एक. निघताना ‘मी परत येईन’ असं मुलांना सांगू नका. तुम्ही ते मनापासून म्हणता, मला माहीत आहे. पण पुढच्या सुट्टीनंतर मुलं मला विचारतात. त्याच्या पुढच्या सुट्टीनंतरही विचारतात. लहान वर्गातली तर फार दिवस विचारतात.

म्हणून खडूफळा, तुमचं ‘जोडीने शिकवावं’ हे मला शंभर टक्के मान्य, दोन वर्षांचा आग्रह तेवढा नाही. माझ्याबरोबर वर्गात उभा राहिलेला माणूस सहा महिन्यांत गेला तरी त्याची प्रयोग करून दाखवायची पद्धत माझ्याकडे राहते. एकट्याने दोन वर्षं शिकवून गेला तर मागे काहीच राहत नाही.

खडूफळा:

@पलीकडची बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी निघणार नसले तरी प्रत्येक मुलाची अशी नोंद या सुट्टीतच लिहून काढते. जोडीने शिकवण्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगते. मार्च २०२० मध्ये पीस कोअरने जगभरातले जवळजवळ ७,००० स्वयंसेवक एका झटक्यात परत बोलावले. अशा वेळी ज्या वर्गात स्थानिक शिक्षक बरोबर होता तो त्या वर्गाचा राहतोच, जिथे स्वयंसेवक एकटा होता तो वर्ग पोरका होतो. मुदत कितीही लिहिलेली असो, ती अशी तुटू शकते.

तरी दोन वर्षांचा मुद्दा मी सोडत नाही. तुमच्याशी जोडी जमायलाही वेळ लागतोच की. पहिल्या सत्रात माझी सहशिक्षिका मला पाहुणी समजून माझ्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नव्हती. आता ती वर्गाबाहेर नेऊन स्पष्ट सांगते, ‘हे असं चालणार नाही.’ अशी जोडीदार मिळाल्यावर निघून जाणं मला पटत नाही.

@सरळरेषा, परीक्षेच्या वर्गाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिथे विषयाचा जाणकार वर्षभरासाठी आला तरी मुलांचा फायदाच आहे. पण प्राथमिकच्या वर्गांना हे लागू करू नका. तिथे विषयापेक्षा माणूस ओळखीचा असणं मोठं असतं. ब्रिटनची व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा शाळा नुकतीच संपवलेली मुलं वर्षभरासाठी पाठवत असे. पुढे तिनेही पात्रता आणि अनुभव असलेल्या माणसांवर भर दिला.

सरळरेषा:

प्राथमिकबद्दल तुमचं म्हणणं खरं असेल, माझा तो अनुभव नाही. पण मग ‘एका वर्षाच्या नेमणुका बंद करा’ हे वाक्य मागे घ्या आणि ‘लहान वर्गांना एका वर्षाचा एकटा शिक्षक देऊ नका’ असं म्हणा. त्यावर मी सही करतो.

उंबरठा:

नोंदी, जोडी, सगळं योग्य आहे. पण खडूफळा, तुमच्या मुदतवाढीचा अर्ज मंजूर झाला की मुख्याध्यापकांना एक विचारा: तुमच्या विषयाची जागा भरायची मागणी त्यांनी शिक्षण खात्याकडे केली आहे का, की तुम्ही थांबताय म्हणून ती पुढे ढकलली? उत्तर काय आलं ते इथे लिहा. ढकलली असेल तर तुमचं दुसरं वर्ष त्या मुलांना महागात पडतंय, असं मी म्हणेन.

खडूफळा:

विचारते. सोमवारी शाळेत बैठक आहे. मागणी केलेली नसेल तर तो अर्ज लिहायला मी त्यांच्याबरोबर बसेन.