उपासाला चालतो म्हणून देशी?

"तांबडा भोपळा उपासाला चालतो, म्हणजे तो मूळचा इथलाच" हे म्हणणं काही पटलं नाही. बटाटा, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद ही सगळी अमेरिकेची मंडळी, आणि उपासाच्या ताटात ऐटीत बसलीत. भोपळाही त्यांच्यातलाच, १४९२ नंतर, म्हणजे कोलंबस तिकडे पोचल्यावर, इकडे आलेला. दुधी मूळचा आफ्रिकेतला, पण आपल्याकडे फार जुना. अस्सल इथली म्हणाल तर काकडी. तिची रानटी, कडू भावंडं हिमालयाच्या पायथ्याशी अजून उगवतात.

एक गोष्ट मात्र राहूनच गेली. सुरुवातीला माणूस भोपळ्याचा गर बहुधा खातच नव्हता, बिया खायचा. रानभोपळ्याचा गर कडूजहर! मेक्सिकोतल्या गिला नाकित्स गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात. तो कडूपणा भोपळ्याच्या भाऊबंदांत, अगदी दुधीतही, अजून मधूनच डोकं वर काढतो. गेल्या पावसाळ्यात दादर स्टेशनबाहेरून चांगला कोवळा, लव असलेला दुधी आणला. सवयीने देठाकडची चकती जिभेला लावली आणि मग नुसत्या चुळा भरत बसलो. दुधी गेला कचऱ्यात. चणाडाळ भिजलेली होतीच, तिची वाटली डाळ केली.