प्रति: ऑप्टिकल लावली की ५.१ झालं?

कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाला ऑप्टिकल केबल लावली की आपोआप ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा चहूबाजूंचा आवाज) मिळतं, असं या चर्चेत वर म्हटलंय ते अर्धंच खरं आहे. त्या केबलमधून एकतर दोन चॅनलचा साधा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) जातो, नाहीतर आधीच एन्कोड केलेला, म्हणजे सगळे चॅनल दाबून एकत्र भरलेला, डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. म्हणून डीव्हीडीवरचा सिनेमा चहूबाजूंनी वाजतो आणि गेम सुरू केला की मागचे स्पीकर गप्प! गेमचा आवाज चालता चालता एन्कोड करायला डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट ही सोय असलेलं साउंड कार्ड लागतं. खोक्यावर आधी हे शोधा, बिटांचे आकडे नंतर बघा.

स्पीकरला ३.५ मिमीच्या तीन पिना असतील तर ही भानगडच नको. हिरवी पुढच्या जोडीला, काळी मागच्या, केशरी सेंटर-सबवूफरला. माझ्याकडे एवढं नीट लावूनही संवाद सबवूफरमधून, पिंपात बोलल्यासारखे यायचे. केशरी पिनेत सेंटर आणि सब असे दोन चॅनल असतात, काही संचांत त्यांची जागा उलटी असते. ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) या दोघांच्या अदलाबदलीच्या चौकटीत टिक केली आणि सुटलो. तोवर दोन संध्याकाळी टेबलाखाली वायरी उपसण्यात गेल्या होत्या.