गावची पतसंस्था लातूरला न्यायची का? माझं मत : नको

तेरणाकाठ

परवा आमच्या गावच्या पतसंस्थेची वार्षिक सभा झाली. सात नंबरचा विषय नेमका चहा यायच्या बेताला आला : कार्यक्षेत्र वाढवून लातूरला शाखा काढण्यासाठी उपविधी, म्हणजे संस्थेची नियमावली, दुरुस्ती. 'मंजूर, मंजूर' म्हणत लोक उठायलाही लागले होते. मी आणि एक निवृत्त गुरुजी आडवे पडलो म्हणून विषय विशेष सभेवर ढकलला गेला. तेव्हापासून गावात आम्ही दोघं विकासाच्या आड येणारे. म्हणून इथे मांडतोय.

औसा तालुक्यातलं गाव. १९९३ च्या भूकंपानंतर लोकांच्या हातात अनुदानाचा पैसा आला आणि तो सांभाळायला गावात काहीच नव्हतं, तेव्हा ही संस्था निघाली. आज बाराशेच्या आसपास सभासद, चार नोकर, रोजची छोटी बचत दारोदार गोळा करणारा एक पिग्मी एजंट, दोन खोल्या, एक तिजोरी. जवळची राष्ट्रीयीकृत बँक सोळा किलोमीटरवर. तिथे पासबुक भरायचं म्हटलं तरी दिवस मोडतो.

संस्था काय करते ते सांगतो. पेरणी मृगात आणि बँकेचं पीककर्ज श्रावणात, हे तुम्हाला माहीत आहे. मधल्या दोन महिन्यांत बी आणि खत कोण देणार? बायको गळ्यातली बोरमाळ काढून देते, सोनार वजन करतो, तासाभरात पैसे. रात्री कुणाला लातूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर सचिव सकाळी नऊला येऊन कुलूप काढतो. सावकाराकडे महिन्याला तीन रुपये शेकडा, म्हणजे तीस हजारांना सहा महिन्यांचे ५,४०० रुपये. संस्थेत वर्षाला चौदा टक्क्यांनी २,१००. मी स्वतः मार्च २०२३ मध्ये पाईपलाईनसाठी साठ हजार घेतले आणि त्याच साली पाऊस गेला. संस्थेने मला समजून घेतलं. बँकेने घेतलं असतं का?

हे सगळं जमतं कारण सचिवाला प्रत्येकाचं शेत, सोयरीक आणि व्यसन माहीत आहे. लातूरच्या अंबाजोगाई रोडवर दुकान टाकणाऱ्याचं काय माहीत असणार? म्हणून शाखा नको.

बालाघाटी

दादा, मी बीडचा. पतसंस्था हा शब्द वाचला तरी पोटात गोळा येतो.

आमचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीचे नऊ लाख एका मल्टीस्टेटमध्ये, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थेत ठेवले. शाखाधिकारी नात्यातला, एजंट शेजारचा. तुम्ही ओळख ओळख म्हणताय ना, त्या ओळखीनेच बुडवलं. अनोळखी माणसाला वडिलांनी नऊ रुपये दिले नसते. एके दिवशी शटर खाली. गुन्हा दाखल झाला, ठेवीदार संरक्षण कायदा लागला, मालमत्ता जप्त झाल्या. पुढे लिलाव कधी आणि वाट्याला किती, ते विचारू नका. वडील दर सोमवारी मोर्चाला जातात. आता तोच त्यांचा रिकामा वेळ.

बँक बुडाली तर २०२० पासून पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे. पतसंस्थेत? शून्य. तुमचा सचिव रात्री-अपरात्री कुलूप काढतो हे छानच. पण माझ्या मते खेड्यातल्या माणसाने विमा नसलेल्या ठिकाणी रुपया ठेवू नये. शाखा लातूरला काढा नाहीतर काढू नका, मुळात ठेवीच घेऊ नका.

तेरणाकाठ

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण मल्टीस्टेटचा कायदा वेगळा, २००२ चा, आणि तिचा निबंधक दिल्लीत. आमची संस्था राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली. तक्रार असेल तर सहायक निबंधकाचं कार्यालय तालुक्यालाच आहे. आमचे संचालकही रोज पारावर भेटतात, पळून जातील कुठे?

बालाघाटी

आमचेही रोज भेटत होते. आणि दोन कायद्यांचा फरक पाटीवर लिहिलेला नसतो, दादा. म्हाताऱ्या माणसाला दोन्हीकडे तोच काउंटर, तेच कॅलेंडर, तीच लक्ष्मी.

काउंटरपलीकडे

तीस वर्षं बँकेत होतो, त्यातली अकरा मराठवाड्यातल्या ग्रामीण शाखांत. शिव्या खायची सवय आहे, म्हणून बोलतो.

बँकेचं पीककर्ज उशिरा येतं हे खरं. पण वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत धरून तीन लाखांपर्यंत ते शून्य टक्क्यावर पडतं. तुमच्या पतसंस्थेत लाखाला वर्षाचे चौदा हजार. म्हणजे तुम्ही सोय विकत घेताय आणि चांगलीच महाग घेताय. किती तरी शेतकरी आमचं नूतनीकरण चुकवायचे, सवलत घालवायचे आणि वर्षभर पतसंस्थेचं व्याज भरायचे. विचारलं तर उत्तर ठरलेलं : 'साहेब, तिथं चहा पाजतात.'

बँकेच्या बाजूचीही एक गोष्ट कबूल करतो. पंधरा हजारांच्या कर्जाला जेवढे कागद तेवढेच पंधरा लाखांना, म्हणून साहेब लोक पंधरा हजारवाल्याला बघून न बघितल्यासारखं करतात. ती जागा पतसंस्थेनेच भरली. बँक मित्र, म्हणजे गावात बँकेची कामं करणारा एजंट, पैसे काढून देतो, कर्ज देत नाही.

गोदाकाठची

मी पाथरीकडची. वरचं सगळं वाचलं. सचिवाला प्रत्येकाचं शेत माहीत आहे म्हणे. शेत कुणाच्या नावावर आहे हो?

माझ्या जावेला शिलाई मशीनसाठी वीस हजार पाहिजे होते. आमच्याकडच्या संस्थेत गेली. दोन जामीनदार आणा. जामीनदार सातबाराधारक पाहिजे. म्हणजे सासरा नाहीतर दीर. आणि ज्याच्याकडून लपवून बाई दोन पैसे उभे करायलीय, त्याचीच सही आणायची. पुन्हा सचिवानं संध्याकाळी पारावर सांगितलं ते वेगळंच, 'तुमच्या घरच्या आल्त्या.' सगळ्यांना सगळं माहीत असणं सोयीचं असतं ते पुरुषांना.

बोरमाळीचं तुम्ही लिहिलंत. दागिना बाईचा, कर्ज नवऱ्याच्या नावावर, आणि दिवाळीला नाही सुटली तर गळा कुणाचा रिकामा?

शेवटी तिनं गटाचं लोन घेतलं, मायक्रोफायनान्सचं. व्याज जास्त, दर आठवड्याला हप्ता, हप्ता चुकला की दहा जणी दारात. वाईटच आहे ते, माझं काही त्याच्यावर प्रेम नाही. पण सही तिची एकटीची चालली. हे तुमच्या संस्थेला का जमंना?

तेरणाकाठ

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या संचालक मंडळात कायद्याप्रमाणे दोन महिला आहेत. सभेला त्या येत नाहीत, ठरावाच्या वहीत सही घ्यायला शिपाई घरी जातो. विशेष सभेत हे काढतो.

पिग्मीवाला

मी लातूर जिल्ह्यातच एका संस्थेची पिग्मी गोळा करतो, चौदा वर्षं झाले. पानटपरी, सलून, भाजीवाल्या, रोजचे पन्नास-शंभर. उन्हाळा असो की काही असो. लोकायला वाटतं मी पैसे न्यायला जातो. आर, मी नाही गेलो तर ते पैसे संध्याकाळपर्यंत राहतेत का हातात? मोबाईलवरून भरा म्हणलं तर कोणी भरत नाही, मी दारात उभा राहिलो की भरतेत.

आता शाखेचं. दादा म्हणायलेत ते अर्धं बरोबर. गावात ठेव वाढंना झालीय. तरुण पोरं पुण्याला, त्यांचा पगार तिकडच्या बँकेत. राहिले म्हातारे, ते पैसे काढायलेत. लातूरला क्लासेस आहेत, मेस आहेत, हॉस्टेल आहेत, रोजचा रोख पैसा आहे. संस्थेला तिकडं जावंसं वाटणारच. एक मात्र विचारून घ्या : शाखेसाठी गाळा कुणाचा भाड्यानं घेणार हायत?

तेरणाकाठ

पिग्मीवाले, गाळ्याचं उत्तर मला माहीत आहे आणि म्हणूनच मी आडवा पडलोय.

ताळेबंद

सहकारी संस्थांची लेखापरीक्षणं करण्यात आयुष्य गेलं. धागाकर्त्याशी मी सहमत नाही, पण त्यांना वाटतं त्या कारणासाठी नाही.

तुमची संस्था गावापुरती आहे हेच तिचं मोठं दुखणं. बाराशे सभासद आणि सगळे एकाच आभाळाखाली. सोयाबीन पडलं की सगळ्यांचं पडतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर त्याच्या खाली विकावं लागलं, तेव्हा हप्ते सगळ्यांचेच अडले. त्याच वेळी ठेवी काढायला आले तेही तेच लोक. २०२५ च्या सप्टेंबरात पूर आला तेव्हाही तेच. ज्या दिवशी येणं थांबतं त्याच दिवशी देणं वाढतं, अशी रचना चार चांगल्या वर्षांत शहाणी दिसते. तेव्हा नोकरदार, दुकानदार अशी वेगळ्या उत्पन्नाची माणसं सभासद म्हणून हवीत. लातूरची शाखा त्या अर्थाने चूक नाही. गाळा कुणाचा, हा प्रश्न वेगळा, आणि जरूर विचारा.

दुसरी गोष्ट गुंतवणुकीची. शिल्लक पैसा संस्था बहुतेक जिल्हा मध्यवर्ती बँकेत ठेवतात. मराठवाड्यातल्या काही जिल्हा बँका अडचणीत आल्या तेव्हा चांगल्या चाललेल्या पतसंस्थांचा पैसाही तिथेच अडकला. संस्थेने काही चूक केली नव्हती, पण ठेवीदाराला ते कसं सांगणार?

आता खरं दुखणं. मार्चअखेरीला गावोगावी एक खेळ चालतो, 'नवं-जुनं'. कर्ज थकलेलं असतं. ३० मार्चला ते व्याजासह पूर्ण भरलं असं दाखवतात, खातं बंद. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला त्याच माणसाला तेवढ्याच रकमेचं नवं कर्ज. रोख कुठे हललीच नाही, किंवा कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी तीन टक्क्यांनी आणून फिरवली. कागदावर थकबाकी शून्य, व्याज जमा, नफा तयार. त्या नफ्यावर लाभांश वाटायचा (कायद्याने पंधरा टक्क्यांपर्यंत) आणि ऑडिटला 'अ' वर्ग मिळवायचा. मी असे 'अ' वर्ग दिलेत का? तरुणपणी एकदोनदा दिले. कुणाला कर्ज मुद्दाम बुडवायचं नसतं, सचिवालाही कुणाचं वाईट करायचं नसतं. सगळे एकमेकांना सांभाळून घेत असतात आणि भोक मोठं होत असतं.

म्हणून शाखेच्या ठरावाआधी एवढंच बघा. राखीव निधी नुसता पुस्तकात आहे की कुठे तरी ठेवलेला आहे. संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांच्याकडे किती कर्ज आहे. ठेवीदारांपैकी नाममात्र सभासद किती, कारण त्यांना मतच नसतं. ज्यांचा पैसा, ते सभेबाहेर. आणि मार्चची शेवटची आणि एप्रिलची पहिली किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद. किर्द तुम्हाला सगळी दाखवणार नाहीत. पण सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि तुमचं स्वतःचं खातं फुकट बघायचा हक्क आहे. दुसऱ्याचं खातं बघता येत नाही, स्वतःचं येतं. अर्ज करा, पोच घ्या.

बालाघाटी

काका, हे सगळं ठेवीदाराने करायचं? माझ्या वडिलांना किर्द म्हणजे काय तेच माहीत नाही.

ताळेबंद

नाही करायचं. म्हणून तुमचं विम्याचं म्हणणं मला पटतं. पण विमा आला तरी गावात पंधरा हजार देणारा कोण, हा काउंटरपलीकडेंचा प्रश्न राहतोच.

गोदाकाठची

आणि माझ्या जावेचा.

तेरणाकाठ

चार दिवसांनी लिहितोय. कलम ३२ चा अर्ज दिला. सचिव हसला, 'तुम्हाला काय अर्ज लागतो होय, या की चहाला.' मी म्हटलं, पोच दे. दिली, पण तोंड वाकडं करून. इतिवृत्तं पुढच्या आठवड्यात म्हणाला. माझं खातं मात्र लगेच काढून दिलं.

साठ हजारांचं कर्ज, मार्च २०२३. नोंद ३० मार्च २०२४ : ६८,४०० रुपये भरणा, खाते बंद. नोंद २ एप्रिल २०२४ : नवीन कर्ज ६८,४०० रुपये. दोन्हीकडे सही माझी. मी एक रुपया भरला नव्हता आणि एक रुपया घेतला नव्हता. त्या वर्षी सोयाबीन गेलं होतं, सचिव म्हणाला 'काळजी नको, इथं इथं सही करा,' मी केली आणि घरी येऊन सांगितलं की संस्थेने समजून घेतलं. इथे वर लिहिलं तेही त्याचंच.

त्या सालचा लाभांशही मी घेतला होता. दहा टक्के.

ताळेबंद

जामीनदारांच्या सह्या नवीन आहेत का जुन्याच कागदावरच्या? ते बघितलंत?

तेरणाकाठ

बघितलं. एक जामीनदार फेब्रुवारीत वारले होते.