वीतभर लांबीच्या जंताशी शरीर कसे लढते?

प्रश्न

जीवाणू शरीरात शिरले की पांढऱ्या पेशी त्यांना गिळून टाकतात, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. आतड्यातला गोलकृमी मात्र चांगला वीतभर लांब असतो, कधी त्याहूनही मोठा. त्याला कोणती पेशी गिळणार? मग अशा वेळी रोगप्रतिकार यंत्रणा नेमके काय करते? शिवाय गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, तसे जंतांच्या बाबतीत का घडत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

गिळणे शक्य नसल्यामुळे शरीर निराळाच मार्ग धरते. जंताला ठार मारण्यापेक्षा त्याला आतड्यात टिकून राहणेच अवघड करण्यावर त्याचा भर असतो. आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी नावाच्या अगदी विरळ पेशी असतात. त्यांचे काम काय, हे कित्येक वर्षे कोडेच होते. २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले की जंतांची चाहूल लागल्यावर इंटरल्यूकिन-२५ हा संदेशवाहक रेणू याच पेशी सोडतात. त्या संदेशाने अस्तराखालच्या लिम्फॉइड पेशी आणि मागाहून टी-पेशी (दोन्ही रोगप्रतिकार यंत्रणेच्याच) इंटरल्यूकिन-१३ हा दुसरा संदेशवाहक रेणू तयार करू लागतात, आणि मग आतड्याचे रूपच पालटते : श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात, पोकळीत पाणी झिरपते, स्नायूंचे आकुंचन जोर धरते आणि खुद्द टफ्ट पेशींची संख्याही वाढत जाते.

चाबूककृमीचे उदाहरण मला विशेष विलक्षण वाटते. त्याचे बारीक, लांब डोके मोठ्या आतड्याच्या अस्तरातच रुतलेले असते. उंदरांत असे दिसले आहे की संसर्गानंतर अस्तराच्या पेशी नेहमीपेक्षा भराभर तयार होतात आणि सरकत्या जिन्याप्रमाणे वर जात जंताला पोकळीकडे ढकलतात.

प्रतिसाद २

वरील विवेचन पोकळीतल्या जंतांना लागू पडते. गोलकृमीच्या अळ्या मात्र आतड्याची भिंत भेदून यकृत व फुप्फुसांतून प्रवास करतात, आणि तेथे इओसिनोफिल या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे काम सुरू होते. प्रतिपिंडे चिकटलेल्या अळीला या पेशी वेढतात आणि आपल्या आतल्या सूक्ष्म कणांतील विषारी प्रथिने तिच्यावर सोडतात. त्यामुळे अळ्या ऊतींतून फिरत असताना रक्तातील इओसिनोफिल वाढतात; पूर्ण वाढलेला जंत आतड्यात स्थिरावल्यावर हे प्रमाण पुष्कळदा उतरते. रक्ताचा अहवाल सामान्य आला म्हणून जंत नाहीत असे कृपया कोणीही गृहीत धरू नये. त्यासाठी शौचाच्या नमुन्यात अंडी तपासावी लागतात.

प्रतिसाद ३

पुन्हा संसर्ग का होतो, याचे मोठे कारण जंतच आहेत. ते असे रेणू सोडतात की यजमानाची, म्हणजे ज्याच्या शरीरात ते राहतात त्याची, प्रतिक्रिया मंदावते. उंदरांच्या आतड्यातील एका कृमीचे प्रथिन तर टीजीएफ-बीटा या आपल्याच शमनकारी रेणूचे काम हुबेहूब करते, आणि गंमत म्हणजे दोघांच्या रचनेत साम्य नाही. अशा रेणूंमुळे नियामक, म्हणजे प्रतिक्रिया आवरणाऱ्या, टी-पेशी वाढतात आणि हल्ला सौम्य होतो. यात यजमानाचेही थोडे हित आहे, कारण अनिर्बंध दाहाने आतड्यालाच इजा झाली असती. परिणामी कायमचे संरक्षण क्वचितच मिळते. सततच्या संपर्काने आलेली प्रतिकारशक्ती जंतांची संख्या कमी ठेवते, पण संसर्ग पूर्ण थोपवत नाही. अल्बेंडाझोल हे जंतनाशक औषध आतड्यातले जंत मारते, मात्र उद्या पोटात जाणाऱ्या अंड्यांपासून ते वाचवत नाही, म्हणूनच दूषित मातीचा संपर्क असेल तेथे औषध ठरावीक काळाने पुन्हा द्यावे लागते.